नाव न सांगणारी माणसं

30 मार्च 2024, शनिवार. निशी-कासाई, टोकियो

आई सकाळच्या विमानाने आली. नव्वद दिवसांचा व्हिसा आणि दोन बॅगा, त्यातली एक नुसत्या खाऊची. स्टेशनातून बाहेर पडताच तिचा पहिला प्रश्न, "एवढी आपली माणसं इथं कशी गं?" समोरून पंजाबी ड्रेस घातलेल्या दोघी जात होत्या आणि कोपऱ्यावरच्या दुकानात इडलीचं पीठ विकायला होतं. तिला सांगितलं, 2000 सालच्या आगेमागे संगणकांच्या वायटूकेच्या कामासाठी आपले इंजिनिअर आले. कायाबाचो, ओतेमाची भागातल्या बँका इथून मेट्रोने सरळ रेषेत. यूआर ही इथली सरकारी गृहसंस्था, ती जामीनदार न मागता घर देते. घर मिळालं तिथे माणसं राहिली, मागून किराणा आला, मग देऊळ. 2019 मध्ये तर इथल्या एदोगावा प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले. "म्हणजे मराठी नगरसेवक!" आई म्हणाली आणि तिचा प्रवासाचा शीण निम्मा उतरला.

31 मार्च, रविवार

बसने शिशिबोनेकडे गेलो. एदोगावाच्या त्या अंगाला घरांच्या मधूनमधून अजून शेतं आहेत. रस्त्याकडेला लाकडी फळी, तिच्यावर कोमात्सुनाच्या जुड्या, प्रत्येकी 100 येन आणि पैसे टाकायला झाकणाला फट पाडलेला डबा. आसपास माणूस नाही. ही भाजी याच भागातली. इथल्या कोमात्सुगावा गावावरून आठवा शोगुन तोकुगावा योशिमुने याने तिला नाव दिलं, असं इथले लोक सांगतात.

आईने चारही दिशांना पाहिलं. "मालक कुठाय?"

"घरी असेल. जेवत असेल."

"आणि कुणी डबाच उचलून नेला तर?"

"नेतात कधीकधी. हल्ली काही शेतकरी कॅमेरे लावतात."

हे ऐकून तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. सगळीच माणसं देवमाणसं असलेल्या गावात तिला तीन महिने काढायचे नव्हते. तिने दोन जुड्या घेतल्या, 100 येनची दोन नाणी डब्यात टाकली आणि ती आत पडल्याचा आवाज ऐकूनच हलली. रात्री लसणाची फोडणी आणि मुगाची डाळ घालून भाजी केली. कोवळ्या मोहरीच्या पाल्याच्या जवळ जाणारी चव.

6 एप्रिल, शनिवार

चिदोरिगाफुचीच्या खंदकावर साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, ऐन भरात. आपला दूतावास तिथेच, खंदकासमोर. आईने झेंड्याचा फोटो काढला, मोबाईलवर बहिणीला पाठवला. संध्याकाळी कुदानशिताहून तोझाई लाइनने परतलो. डबा खच्चून भरलेला. निशी-कासाईला फाटकाबाहेर आल्यावर आईचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. पिशवी नव्हती. सीटवरच्या फळीवर जावयाने ठेवली होती, ती तिथेच राहिली.

पिशवीत पासपोर्ट, 40,000 येन, बीपीच्या गोळ्या, जवळचा चष्मा, शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आईला रडू आलं नाही, पण तिने बोलणं बंद केलं. तिचं हे गप्प होणं मी लहानपणापासून ओळखते.

स्टेशनावरच्या माणसाने कागद पुढे ओढला. गाडी किती वाजताची? पुढून कितवा डबा? डाव्या हाताची फळी की उजव्या? पिशवीचा रंग, कापड, बंद. कुठल्याच प्रश्नात "नीट सांभाळता येत नाही का" नव्हतं. गाडी पुढे निशी-फुनाबाशीकडे गेलेली. त्याने फोन केला, थोडं थांबायला लावलं आणि सांगितलं, अजून मिळाली नाही, पण नोंद झाली. तिथून चौकात. पोलिसांची छोटी चौकी, इथे तिला कोबान म्हणतात. टोकियोत अशा आठशेहून जास्त आहेत, त्यामुळे पाचदहा मिनिटं चाललं की एखादी सापडतेच. तिथे हरवल्याची नोंद केली, नंबर मिळाला. पासपोर्ट सापडलाच नाही, तर दूतावासात हाच नंबर लागेल.

नवरा आईला म्हणाला, "अहो आई, मिळेल, इथं मिळतंच." आई म्हणाली, "तुमच्या तोंडात साखर पडो." नंतर देवासमोर जाऊन बसली.

7 एप्रिल, रविवार

फोन नाही. आईने आज बाबांची गोष्ट काढली. बाबा एसटीत वाहक. शेवटच्या थांब्यावर गाडी रिकामी झाली की मागून पुढपर्यंत प्रत्येक बाकाखाली वाकून बघायचे. सापडलेलं सगळं डेपोत जमा. छत्री, भाकरीचं गाठोडं, एकदा तर कोंबडी. नोंद करून घेत, पावती देत, विषय संपे.

एकदा सुट्टीच्या दिवशी बाबांना रस्त्यात दागिन्यांची डबी सापडली. डेपोचा संबंध नव्हता, म्हणून जवळच्या पोलीस ठाण्यात गेले. तिथे त्यांना संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. कुठे सापडली, तुम्हालाच कशी सापडली, अजून काय होतं, सोबत कोण होतं. डबी मालकाला मिळाली, तो येऊन पाया पडला. पण घरी आल्यावर बाबा म्हणाले होते, "पुन्हा असलं काही दिसलं तर मी रस्ता बदलीन."

"बदलला का?" मी विचारलं.

"छे! त्यांना जमलं नसतं," आई म्हणाली. "पण म्हणाले खरे."

9 एप्रिल, मंगळवार

काल दुपारी मेट्रोच्या हरवल्या-सापडल्या विभागातून फोन आला. वर्णनाशी जुळणारी पिशवी आहे, ईदाबाशीला या. आज अर्धी रजा टाकून आईला घेऊन गेले.

खिडकीपलीकडच्या बाईंनी हातमोजे घातले आणि एकेक वस्तू ट्रेमध्ये काढली. पासपोर्टचा फोटो पाहिला, आईचा चेहरा पाहिला, किंचित झुकल्या. आमच्यासमोर नोटा मोजल्या, 40,000 येन. चष्मा, गोळ्या. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. आई घाबरून माझ्याकडे बघायला लागली. मी ऐकून सांगितलं, "लाडवांचा डबा धुऊन ठेवलाय. लाडू नियमाप्रमाणे टाकून द्यावे लागले, त्याची क्षमा मागतायत."

आई खूप हसली. शनिवारनंतर पहिल्यांदा.

मग तिने कोणी दिली ते विचारायला सांगितलं. पत्ता घेऊ, नवे लाडू करून पाठवू, काही पैसे देऊ. बाईंनी नोंद पाहिली. देणारा प्रवासी होता, वाटेतल्या एका स्टेशनावर उतरून त्याने पिशवी कर्मचाऱ्याच्या हाती दिली, हक्क सोडल्याची खूण केली आणि नाव कळवू नये असं सांगून गेला. ती बाई होती की पुरुष, एवढंही आम्हाला कळलं नाही.

परतीच्या गाडीत आई समोर बसलेल्या प्रत्येकाकडे निरखून बघत होती. "यातलाच कुणीतरी असेल," ती म्हणाली. मग ज्याची नजर तिच्या नजरेला भिडली त्या प्रत्येकाकडे बघून हसली. दोन-तीन जण गोंधळून मोबाईलमध्ये शिरले.

13 एप्रिल, शनिवार

हक्क सोडल्याची खूण म्हणजे काय, हे आईला नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून आज कायदा वाचला. सापडलेल्या वस्तूंचा जपानी कायदा 1899 चा, 2006 मध्ये नव्याने लिहिलेला आणि 2007 च्या डिसेंबरपासून लागू. सापडलेली वस्तू सात दिवसांत पोलिसांकडे द्यायची. गाडीत, दुकानात सापडली तर चोवीस तासांत तिथल्या कर्मचाऱ्यांकडे. मालक आला तर देणाऱ्याला किमतीच्या 5 ते 20 टक्के बक्षीस मागता येतं. गाडीत किंवा दुकानात सापडलेल्या वस्तूचं बक्षीस तो आणि ती जागा चालवणारे निम्मं निम्मं घेतात. तीन महिन्यांत मालक आला नाही, तर वस्तू ज्याला सापडली त्याची. पूर्वी ही मुदत सहा महिन्यांची होती. मोबाईल, ओळखपत्रं मात्र कधीच त्याच्या मालकीची होत नाहीत. आणि हे सगळे हक्क नको असतील तर सोडून देता येतात.

म्हणजे इथे प्रामाणिक माणसाला कायदा आधी विचारतो, तुला काय हवंय? बाबांना विचारलं गेलं होतं, तुझ्याकडे हे आलं कुठून?

आकडेही पाहिले. 2018 मध्ये एकट्या टोकियोत 41 लाखांच्या आसपास वस्तू पोलिसांकडे आल्या, रोकड 380 कोटी येनांच्या वर. मोबाईल शंभरातले ऐंशीहून जास्त मालकांकडे परत गेले. शाळकरी पोरं 10 येनचं नाणं घेऊन चौकीत येतात आणि पोलीस त्याचीही नोंद करतो. त्या नाण्याच्या किमतीपेक्षा कागद महाग पडत असेल. पण ते पोर मोठं होऊन गाडीत पिशवी बघेल, तेव्हा काय करायचं हे त्याला विचार करून ठरवावं लागणार नाही.

नवऱ्याने ओनुकी हिसाओची गोष्ट सांगितली. 1980 च्या एप्रिलमध्ये या ट्रक ड्रायव्हरला गिंझामध्ये रस्त्याकडेला एक गाठोडं सापडलं, आत 10 कोटी येन. त्याने पोलिसांत दिलं. मालक आलाच नाही. मुदत संपली आणि रक्कम त्याची झाली. तिसरा हिस्सा करात गेला, धमक्यांचे फोन आले, नोकरी सुटली. आईने ऐकून घेतलं आणि निकाल दिला, "आपला तो बिननावाचाच शहाणा."

20 एप्रिल, शनिवार

मोठं घर बघतोय. यूआरमध्ये हव्या त्या मजल्यावर रिकामं नाही, म्हणून खासगी दलालाकडे गेलो. तरुण मुलगा, नम्र, चहा दिला. आम्हाला आवडलेल्या घराच्या मालकाला त्याने आमच्यासमोरच फोन लावला. कंपनी चांगली, पगार चांगला, भाषा येते, सगळं सांगितलं. मग काही क्षण नुसतं "हो, हो". फोन ठेवून तो आमच्याकडे वळला आणि म्हणाला, "मालकांना परदेशी भाडेकरू नको आहे. कारण तेवढंच आहे."

घर आधीच गेलंय, असं तो सांगू शकला असता. आपल्याकडे आडनाव ऐकून किंवा "नॉनव्हेज खाता का" विचारून झाल्यावर हेच सांगतात, "आत्ताच एकाने टोकन दिलं हो." त्याने खरं सांगितलं आणि वर मान खाली घालून क्षमा मागितली. जपानच्या न्याय मंत्रालयाने 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी जवळजवळ 40 टक्क्यांनी सांगितलं होतं की परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाला.

याच गावात कुणीतरी आईचे 40,000 येन हात न लावता परत दिले. तो आणि हा घरमालक एकच माणूस असू शकतो. पैशांच्या बाबतीत स्वच्छ असलेला माणूस मनानेही मोठा असतो, असं आपण न तपासताच धरून चालतो. त्या मुलाच्या स्पष्टपणाचा मला राग आला नाही. मालकाच्या नकाराचा आला, आणि तो अजून गेलेला नाही.

31 मे, शुक्रवार

सकाळपासून पाऊस. कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेरच्या स्टँडमध्ये छत्री ठेवून दूध घ्यायला आत गेले, बाहेर आले तर छत्री गायब. पारदर्शक प्लास्टिकची, दुकानात काही शे येनना मिळते तीच. आईला घरी येऊन सांगितलं तर ती टाळ्या पिटत म्हणाली, "गेली ना? मला वाटलंच होतं!" तिच्या आवाजातला आनंद लपत नव्हता.

ही छत्री इथे कुणाचीच नसते. टोकियोच्या पोलिसांकडे वर्षाला तीन लाखांच्या आसपास छत्र्या जमा होतात आणि न्यायला शंभरात एखादाच मालक जातो. मालकालाच जी वस्तू आपली वाटत नाही, ती उचलणाऱ्यालाही परक्याची वाटत नाही. सायकलींचंही तेच. विकत घेतानाच पोलिसांच्या यादीत नोंद करावी लागते, तरी स्टेशनाबाहेरून जातात. बँकेच्या एटीएमवर म्हाताऱ्यांना सावध करणारी चित्रं लावलेली असतात. "मी बोलतोय, तुझा मुलगा, अडचणीत आहे" असा फोन करून आयुष्याची शिल्लक लुबाडणारे ठग याच शहरात बसतात. 2011 च्या त्सुनामीनंतर ढिगाऱ्यांत सापडलेल्या 5,700 तिजोऱ्या पोलिसांकडे जमा झाल्या. त्याच दिवसांत फुकुशिमाच्या रिकाम्या केलेल्या गावांत एटीएमही फोडली गेली.

9 जून, रविवार

ओळखीच्या मराठी मंडळींकडे जेवण. पुरणपोळी, कटाची आमटी आणि मग ठरलेला विषय. एक काका म्हणाले, "यांच्या रक्तातच प्रामाणिकपणा आहे. आपल्याकडे हे व्हायचं नाही." दुसरे म्हणाले, "कॅमेरे असतात हो सगळीकडे, घाबरतात."

मला दोन्ही पटलं नाही. मी त्यांना पाकिटांचा प्रयोग सांगितला, 2019 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आलेला. 40 देश, 355 शहरं, 17 हजारांवर पाकिटं. संशोधकांची माणसं बँकेच्या, हॉटेलच्या, पोस्टाच्या खिडकीवर जाऊन सांगायची, हे रस्त्यात सापडलं, तुम्ही बघा. आत मालकाचा ईमेल. काही पाकिटांत पैसे, काहींत नाहीत. अंदाज असा होता की पैसे असले की पाकीट परत येणार नाही. घडलं उलट. जवळजवळ सगळ्या देशांत पैसे असलेली पाकिटंच जास्त परत आली. जपान त्या यादीत नव्हता, भारत होता. आपल्याकडेही तसंच झालं, पैसे असलेली पाकिटं जास्त परत आली. प्रमाण युरोपातल्या वरच्या देशांपेक्षा कमी, पण कल तोच.

"म्हणजे लोभापेक्षा लाज मोठी," यजमानीण बाई वाढता वाढता म्हणाल्या. पंगतीत मग पुण्यातल्या रिक्षावाल्याची गोष्ट निघाली, लोकल गाडीतल्या हमालाची, एसटीच्या वाहकांची. प्रत्येकाकडे एक तरी होती. "आपल्याकडे हे व्हायचं नाही" म्हणणाऱ्या काकांकडे तर दोन होत्या.

आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी ठरावीक चौकटीत येते. प्रामाणिक रिक्षाचालकाने दागिन्यांची बॅग परत केली, पोलीस निरीक्षकांच्या हस्ते शाल-श्रीफळ, फोटो. इथे अशी बातमी येत नाही. तो सत्कार मला आता खटकतो. आपण त्या माणसाला थोर ठरवतो, म्हणजे बाकीच्यांना सूट देतो. थोर होणं सगळ्यांना जमत नाही. पाच मिनिटं चालत जाऊन पिशवी खिडकीत देणं कुणालाही जमतं, जर ती खिडकी असेल आणि पलीकडचा माणूस संशयाने बघत नसेल.

26 जून, बुधवार

आई गेली. नारिता विमानतळावर सामान देऊन झाल्यावर तिने पासपोर्टाची पिशवी गळ्यात अडकवून वर स्वेटर घातला. जाताना म्हणाली, "त्या माणसाचं नाव कळायला हवं होतं. देवापुढे काय म्हणून दिवा लावू?" मी म्हटलं, बाबांच्या नावाने लाव. ती म्हणाली, "त्यांच्या नावाने रोजच लावते."

3 जुलै, बुधवार

आजपासून नव्या नोटा. 10,000 येनच्या नोटेवर शिबुसावा एइइची. 1873 मध्ये जपानची पहिली आधुनिक बँक उभी करणारा, सुमारे पाचशे कंपन्यांच्या उभारणीत हात असलेला उद्योजक. व्यापार आणि नीती यांची फारकत होऊ द्यायची नाही, हे त्याचं आयुष्यभराचं सांगणं. संध्याकाळी फोनवर आईला सांगितलं. तिने विचारलं, "त्याच्या नोटा तरी लोक परत देतात का?" म्हटलं, आजच आल्यात, अजून हरवायच्या आहेत.

7 जुलै, रविवार

आईच्या पिशवीनिमित्त आपला कायदाही काढून वाचला. 1872 च्या भारतीय करार कायद्याचं कलम 71 सांगतं की सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती दुसऱ्याची ठेव असल्यासारखी जपायची. कलम 168 प्रमाणे मालकाने बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी तो दावा करू शकतो, आणि वस्तू जपायला, मालक शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत ती स्वतःकडे ठेवू शकतो. जपानच्या 1899 च्या कायद्यापेक्षा हा सत्तावीस वर्षांनी जुना. म्हणजे कायदा आपल्याकडे आहे. बाबांसारखी माणसंही आहेत, पाकिटांच्या प्रयोगाने तेही दाखवलं. कमी पडते ती मधली जागा: कुठे द्यायचं, कोण घेणार आणि देणाऱ्याचं काय होणार.

ती जागा बांधायला पैसे फारसे लागत नाहीत. एसटीच्या डेपोत ती होती, एक वही आणि एक पावतीपुस्तक एवढ्यावर चालत होती. सोसायटीचं ऑफिस, शाळा, दवाखाना, बाजार समिती, पोलीस चौकी, जिथे माणसं येतात-जातात तिथे ती कुणालाही सुरू करता येईल. तुमच्या हाती असं एखादं टेबल असेल तर एवढंच करा. सापडलेली वस्तू घेऊन कुणी आलं, की आधी त्याला खुर्ची द्या, पाणी द्या, पावती द्या. नाव सांगायचं नसेल तर आग्रह धरू नका. आणि तुलाच कशी सापडली, हे कधीच विचारू नका.